मनगटाला शेक कधी, व्यायाम कोणता आणि थांबायचं कुठे?

रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर झालेली असतात. हात झटकला, थोडा वेळ पलंगाखाली सोडून ठेवला की हळूहळू बरं वाटतं आणि पुन्हा डोळा लागतो. सकाळी पोळ्या लाटताना, दुचाकीचं हँडल धरताना किंवा फोन कानाला लावल्यावर तोच त्रास परत सुरू होतो. डॉक्टर तपासून सांगतात, ‘कार्पल टनेल सिंड्रोम आहे, मनगटात नस दबली आहे.’ खरा गोंधळ सुरू होतो तो यानंतर.

एक जण मेणाचा शेक घ्यायला सांगतो, दुसरा रबरी चेंडू दाबायला. शेजारच्या काकू निर्गुडीचा पाला गरम करून बांधायला सांगतात. क्लिनिकमध्ये दहा सिटिंगचं पॅकेज पुढे येतं. शेकाने नस मोकळी होते का, व्यायामाने ऑपरेशन टळेल का, किती दिवस वाट बघायची, हे प्रश्न पुण्यातल्या फिजिओथेरपी केंद्रांमध्ये रोज विचारले जातात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शेकाने दुखणं हलकं होतं, आखडलेलं मनगट सैल होतं आणि व्यायाम सोपा जातो. पण केवळ शेकाने दबलेली नस मोकळी होते, असं म्हणण्याइतका पुरावा आज हाती नाही. म्हणून शेक घ्यायला हरकत नाही, मात्र त्याच्या भरवशावर महिनोन्‌महिने काढू नका. या आजारात दवडलेल्या वेळाची किंमत अंगठ्याच्या ताकदीने मोजावी लागते.

आधी खात्री करा: दुखणं मनगटातलंच आहे ना?

तळहाताच्या बुडाशी मनगटाच्या छोट्या हाडांची एक अर्धगोल खोबण असते. तिच्यावर जाड, न ताणला जाणारा पट्टा घट्ट बसवलेला असतो. या अरुंद बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या म्हणजे स्नायुबंध आणि एक नस जाते. ती नस म्हणजे मीडियन नर्व्ह. दोऱ्यांभोवतीचं आवरण सुजलं किंवा मनगट फार वेळ वाकलेलं राहिलं की आतला दाब वाढतो आणि सर्वांत आधी नस कुरकुरते. झोपेत आपण मनगट मुडपून घेतो, म्हणून त्रास रात्री जास्त होतो.

ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. करंगळी तिच्याकडे नाही. त्यामुळे नेमकी कोणती बोटं बधिर होतात ते दोन-तीन रात्री लक्ष देऊन पाहा आणि कागदावर हाताचं चित्र काढून तेवढाच भाग रंगवा. डॉक्टरांना या चित्राचा फार उपयोग होतो.

- करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर नस बहुधा कोपराशी दबलेली असते.
- मान वळवल्यावर कळ खांद्यापासून खाली उतरत असेल, तर मानेच्या मणक्यांची तपासणी हवी.
- दोन्ही हातांबरोबर तळपायांनाही मुंग्या येत असतील, तर मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता आधी तपासा.
- फक्त अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल आणि बधिरपणा नसेल, तर तो वेगळा आजार आहे.

घरी एक साधी चाचणी करता येते. दोन्ही हातांचे पालथे भाग एकमेकांना टेकवा, बोटं जमिनीकडे करा आणि मिनिटभर तसेच थांबा. ठरावीक बोटांना मुंग्या आल्या तर संशय बळावतो. निदान मात्र यावरून करू नका. डॉक्टर गरजेप्रमाणे नर्व्ह कंडक्शन टेस्ट सांगतात. सुरुवातीच्या अवस्थेत काही जणांचा हा रिपोर्ट नॉर्मलही येतो, त्यामुळे लक्षणं आणि रिपोर्ट एकत्रच वाचावे लागतात.

साखर आणि थायरॉइडच्या रक्तचाचण्या टाळू नका. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, वाढलेलं वजन आणि गरोदरपण या सगळ्यांत हा त्रास जास्त दिसतो. थायरॉइड कमी पडत असेल, तर मनगट कितीही शेकलं तरी मूळ कारण तसंच राहतं. गरोदरपणातला त्रास बहुतेकींचा बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून त्या काळात रात्री मनगट सरळ धरणारा बाहेरून बांधायचा पट्टा आणि सौम्य व्यायाम एवढ्यावर भागवता येतं.

शेक: घरचा आणि दवाखान्यातला

घरी गरम पाण्याची पिशवी किंवा कोमट पाण्याचं घमेलं पुरेसं आहे. पाणी चाळीस अंशांच्या आसपास हवं. ज्या हाताला बधिरपणा नाही त्या हाताच्या कोपराने आधी ते तपासा. पिशवी टॉवेलात गुंडाळा, मनगट सरळ ठेवा आणि दहा ते पंधरा मिनिटं शेका. सकाळी हात आखडलेला असतो तेव्हा आणि रात्री झोपण्यापूर्वी, अशा दोन वेळा चांगल्या. शेक संपल्या संपल्या व्यायाम करा, कारण सैल झालेल्या मनगटाचा फायदा तेवढाच वेळ मिळतो. जड कामानंतर मनगट सुजलेलं वाटत असेल, तर गरम शेकाऐवजी कापडात गुंडाळलेला बर्फ काहींना जास्त मानवतो.

दवाखान्यात चार प्रकार भेटतात.

मेणाचा शेक. वितळलेलं पॅराफिन मेण साधारण ५० ते ५५ अंशांवर ठेवलेलं असतं. एवढ्या गरम पाण्यात हात भाजेल, पण मेण उष्णता सावकाश सोडतं म्हणून ते सोसतं. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून, हात धुऊन कोरडा करून मेणात बुडवायचा आणि लगेच बाहेर काढायचा. असं आठ-दहा वेळा केलं की हातावर मेणाचा थर चढतो. त्यावर प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बसायचं. आखडलेल्या, थंडीत दुखणाऱ्या हातांना हा शेक फार सुखावतो. तैवानमधल्या एका चाचणीत, जी २०१४ साली प्रसिद्ध झाली, सर्व रुग्णांना मनगटाचा पट्टा दिला होता. त्यासोबत एका गटाला मेण आणि दुसऱ्याला अल्ट्रासाऊंड मिळालं. लक्षणं दोन्ही गटांत कमी झाली. हाताने रोजची कामं करण्यात अल्ट्रासाऊंडचा गट पुढे राहिला.

अल्ट्रासाऊंड. जेल लावून मनगटावर फिरवतात ते छोटं यंत्र. १९९८ साली व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी ४५ रुग्णांवर याची चाचणी केली होती. प्रत्येकाच्या एका हाताला खरं अल्ट्रासाऊंड दिलं आणि दुसऱ्यावर बंद यंत्र फिरवलं. सात आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या वीस बैठका झाल्या आणि खऱ्या उपचाराच्या हाताला मिळालेला आराम सहा महिन्यांनंतरही टिकला. त्यांनी वापरलेल्या तुटक लहरींनी मनगट फारसं तापत नाही. म्हणजे तिथला फायदा निव्वळ उष्णतेचा नव्हता. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्यांना पुरावा तोकडाच वाटला. तरीही सौम्य ते मध्यम त्रासात पट्टा आणि व्यायामाच्या जोडीला हा उपचार करून पाहण्यासारखा आहे. आठवड्यातून एकदा, तेही तीन-चार मिनिटं यंत्र फिरवून काही होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

शॉर्टवेव्ह डायथर्मी. यात विद्युतचुंबकीय लहरींनी आतपर्यंत ऊब पोहोचवतात. तुर्कस्तानातल्या एका छोट्या चाचणीत सर्वांना गरम पॅक आणि व्यायाम दिले होते, त्यावर काहींना खरी आणि काहींना खोटी डायथर्मी. खरी घेणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. अभ्यास लहान असल्याने यावरून मोठा दावा करता येत नाही.

गरम पॅक आणि इन्फ्रारेडचा दिवा. ही फक्त वरवरची ऊब आहे. घरच्या शेकापेक्षा त्यातून वेगळं काही मिळत नाही. एवढ्यासाठी रोज कात्रज ते शिवाजीनगर वाहतुकीतून हँडल धरून जाणं मनगटाला उलट महाग पडतं.

आयएफटी आणि टेन्स ही विजेच्या सौम्य झटक्यांची यंत्रं शेकात मोडत नाहीत. ती दुखणं दाबतात, बधिरपणावर त्यांच्याकडून फार आशा ठेवू नये.

शेक कोणी घेऊ नये

हा भाग घाईत वाचू नका. बधिर हाताला उष्णता कळत नाही. पिशवी जास्त गरम असली तरी हात मागे घ्यावासा वाटत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. मधुमेह असेल तर ती जखम भरायलाही वेळ लागतो.

- बोटांचा बधिरपणा सतत असेल तर घरी शेक घेऊ नका. दवाखान्यात घेतला तर आधी गरम-थंड ओळखता येतं का ते तपासून घ्या.
- पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल, तर डायथर्मी घेऊ नये. मनगटात प्लेट-स्क्रू असेल तर तेही आधी सांगा.
- जखम, इसब, जंतुसंसर्ग किंवा लालसर गरम सूज असेल तर शेक नको.
- तव्यावर तापवलेलं फडकं, विटेचा तुकडा, मिठाची पुरचुंडी यांचं तापमान हाताबाहेर असतं. या आजारात ते टाळाच.

व्यायाम: ताकदीचे नव्हेत, सरकवण्याचे

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. हात कमजोर वाटतो म्हणून माणसं मऊ चेंडू दाबायला घेतात. मूठ जोरात आवळली की बोटांचे छोटे स्नायू बोगद्याच्या तोंडाशी ओढले जातात आणि आतला दाब वाढतो. मुंग्या येत असताना चेंडू, स्प्रिंगचं ग्रिप, डंबेल्स हे सगळं बाजूला ठेवा. सुरुवातीला हवेत ते दोऱ्या आणि नस बोगद्यातून अलगद सरकवणारे व्यायाम.

दोऱ्या सरकवणं. कोपर टेबलावर, मनगट सरळ, बोटं वर.

१. सगळी बोटं सरळ ताठ.
२. बोटांची वरची दोन पेरं वाकवून आकड्यासारखी करा, बुडाचे सांधे सरळच राहू द्या.
३. पुन्हा सरळ, मग पूर्ण मूठ. आवळायची नाही.
४. पुन्हा सरळ, मग बोटं फक्त बुडाच्या सांध्यांतून पुढे वाकवा. हात एखाद्या मांडणीसारखा काटकोनात दिसेल.
५. शेवटी बोटांची टोकं तळहाताच्या खालच्या भागाला टेकवा, टोकाची पेरं सरळ ठेवून.

नस सरकवणं. हळू करायचं आणि ओढ जाणवली की तिथेच थांबायचं.

१. मनगट सरळ, सैल मूठ.
२. बोटं आणि अंगठा सरळ, अंगठा तर्जनीला लागून.
३. मनगट मागे वळवा.
४. अंगठा बाजूला उघडा.
५. तसंच ठेवून तळहात छताकडे वळवा.
६. दुसऱ्या हाताने अंगठ्याला अगदी हलका ताण द्या.

प्रत्येक स्थितीत पाच सेकंद थांबा. पाच फेऱ्या करा, दिवसातून तीनदा. व्यायामानंतर मुंग्या वाढल्या आणि काही मिनिटांत गेल्या नाहीत, तर सहावी आणि पाचवी पायरी सोडा, गरज पडली तर चौथीही. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवा. मनगट किती वळलंय हे आपलं आपल्याला नीट दिसत नाही.

हे व्यायाम किती उपयोगी पडतात? अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४० हातांची नोंद आहे. नेहमीच्या उपचारांबरोबर हे व्यायाम केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना शस्त्रक्रिया लागली, न केलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना. अभ्यासाची रचना काटेकोर नव्हती आणि नंतरच्या चाचण्यांत इतका मोठा फरक सरसकट दिसला नाही. पण व्यायामाला पैसे लागत नाहीत, हळू केला तर अपाय नाही आणि काही जणांना तो निश्चित मानवतो.

योगासनं करावीत का?

पुण्यात हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तरही पुण्याशी जोडलेलं आहे. शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीत १९७५ पासून रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी आहे. १९३७ मध्ये पुण्यात येऊन स्थायिक झालेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे शिकलेल्या मॅरियन गारफिंकेल या फिलाडेल्फियाच्या योगशिक्षिकेने त्यांच्या पद्धतीवर आधारित अकरा आसनं निवडली आणि याच आजाराच्या ४२ रुग्णांवर चाचणी घेतली. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा आसनं केली. दुसऱ्याला चालू उपचारांसोबत मनगटाचा पट्टा देऊ केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात नोव्हेंबर १९९८ मध्ये निष्कर्ष आले: आसनं करणाऱ्यांची पकड सुधारली आणि दुखणं कमी झालं. नर्व्ह कंडक्शनच्या आकड्यांत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता.

या आसनांचा रोख एकट्या मनगटावर नव्हता. ताठ बसणं-उभं राहणं, खांदे मागे घेणं, छाती उघडणं, हात जोडणं आणि शेवटी शवासन, असा सगळा भर वरच्या अंगाच्या ठेवणीवर होता. तुमच्या वर्गात सूर्यनमस्कार घेत असतील तर सावध राहा. तळहात जमिनीवर टेकवून शरीराचा भार मनगटावर घ्यायचा आणि मनगट काटकोनात मागे, ही स्थिती बोगद्यातला दाब कित्येक पटींनी वाढवते. त्रास असेपर्यंत अधोमुख श्वानासन, चतुरंग दंडासन आणि मयूरासन वगळा, किंवा हात खुर्चीवर वा भिंतीवर टेकवून करा. आजार आहे हे शिक्षकांना वर्ग सुरू होण्याआधी सांगा.

रात्रीचा पट्टा नीट वापरा

पहिल्या टप्प्यात ज्यावर सर्वाधिक भरवसा ठेवावा असा हाच उपचार, आणि चुकीचा वापरला जातो तोही हाच. सर्जिकलच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्यांत ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि ती मनगट मागे वळेल अशी आधीच वाकवलेली असते. फ्रॅक्चरनंतर ते ठीक. तुम्हाला मनगट सरळ हवं आहे. पट्टी बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सरळ करा आणि परत घाला. बोटं मोकळी मिटता आली पाहिजेत. वेलक्रो इतकं घट्ट नको की सकाळी कातडीवर वळ दिसतील. क्रेप बँडेज याला पर्याय नाही. ते मनगट आवळतं, पण सरळ धरत नाही.

किमान सहा आठवडे रोज रात्री घाला. पहिल्या आठवड्यात झोप मोडते, नंतर सवय होते. दिवसा मात्र जड कामाव्यतिरिक्त घालू नका, स्नायू सुस्तावतात.

दिवसभर हात काय करतो?

आयटीवाल्या पुण्यात हा माऊसचा आजार मानला जातो. पुरावा तसा नाही. डेन्मार्कमध्ये जवळजवळ सात हजार कर्मचाऱ्यांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा कीबोर्डचा संबंध दिसला नाही. माऊसचा दिसला, तोही आठवड्याला वीस तासांहून जास्त वापर असेल तरच आणि मर्यादितच. ज्यांना धोका खरा आहे त्यांच्याकडे लक्ष कमी जातं. पोळी-भाजी केंद्रात शेकडो पोळ्या लाटणारी बाई, चार घरची धुणी पिळणारी ताई, चाकणच्या कारखान्यात दिवसभर ग्राइंडर किंवा हवेवर चालणारा पाना धरणारा कामगार, लक्ष्मी रोडवर जाड कापड कात्रीने कापणारा शिंपी. जोराची पकड, तीच हालचाल पुन्हा पुन्हा, वाकलेलं मनगट आणि कंपन यांची बेरीज घात करते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोम नावानिशी घातला आहे, तो अशाच कामांच्या संदर्भात.

काम सोडणं बहुतेकांना शक्य नसतं. बदल मात्र करता येतो.

- कणीक थोडी सैल भिजवा, दोन हप्त्यांत मळा. जाड मुठीचं लाटणं बोटांवरचा जोर कमी करतं.
- कपडे पिळण्याऐवजी निथळत टाका. जाड चादरी दोघांनी धरून पिळा.
- दिवाळीत चकलीचा दाबायचा सोऱ्या टाळून फिरवायचा घ्या, आणि एकाच दिवशी सगळा घाणा काढू नका.
- दुचाकीवर हँडल घट्ट आवळू नका. सिग्नलला बोटं उघडझाप करा. ब्रेकची दांडी अशी बसवून घ्या की बोटं टेकवताना मनगट वर मुडपणार नाही.
- यंत्र कंपन करत असेल तर काम आलटून-पालटून मागा. पकडीला पातळ रबर चढवून घेतल्यासही फरक पडतो.
- ढोलपथकात असाल तर गणेशोत्सवाआधीच्या सरावाच्या आठवड्यांत टिपरू आवळून धरू नका, मधे ध्वज किंवा झांज घ्या. रात्री मुंग्या सुरू झाल्या तर तो सराव थांबवण्याचा इशारा समजा.

सहा आठवड्यांनी हिशेब करा

रात्रीचा पट्टा, शेक, व्यायाम आणि कामातले बदल एकाच दिवशी सुरू करा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. रोज सकाळी एवढंच नोंदवा: रात्री किती वेळा जाग आली, दिवसा बोटं किती वेळ बधिर होती. सहा आठवड्यांत जाग येणं स्पष्ट कमी झालं, तर तेच पुढे चालू ठेवा. फरक नसेल तर शेकाचं नवं पॅकेज घेऊ नका, हाताच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

पुढचं काही दिसलं तर सहा आठवडेही थांबू नका:

- बोटं दिवसरात्र बधिर राहतात.
- अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसतो.
- शर्टाचं बटण लागत नाही, नाणं उचलता येत नाही, कप हातातून निसटतो.
- पडल्यानंतर किंवा मनगट मोडल्यानंतर बधिरपणा अचानक सुरू झाला.

यातलं शेवटचं लक्षण तर त्याच दिवशी दवाखान्यात जाण्यासारखं आहे.

‘नसांच्या गोळ्या’ म्हणून मिळणारी जीवनसत्त्वं बोगदा रुंद करत नाहीत. बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढा, शाकाहारी घरांत ही कमतरता नेहमीची आहे. पण बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच नसांना इजा होते.

पुण्यात कुठे, कुणाकडे आणि कोणत्या हक्काने

फिजिओथेरपिस्ट पदवीधर आणि नोंदणीकृत आहे का, हे विचारायला संकोच करू नका. महाराष्ट्रात यासाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे आणि तिचा नोंदणी क्रमांक सांगणं हे त्यांचं काम आहे. यंत्र लावून सहायक निघून जात असेल आणि व्यायाम कुणी शिकवतच नसेल, तर ते केंद्र बदला. दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरण्याऐवजी तीन-चार बैठकांनंतर काय बदललं ते पाहून ठरवा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या.

खर्च परवडत नसेल तर हे मार्ग आहेत:

- जिल्हा रुग्णालय, औंध. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.
- ससून. इथे अस्थिरोग, मेंदूविकार आणि फिजिओथेरपी हे विभाग एकाच आवारात आहेत. वेळ जातो, पण सगळ्या तपासण्या एकाच केसपेपरवर होतात.
- महापालिकांची रुग्णालयं. पुण्यात मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय.
- फिजिओथेरपी महाविद्यालयं. शिवाजीनगरला संचेती, धनकवडीला भारती विद्यापीठ, पिंपरीला डी. वाय. पाटील. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार देतात. दर आधी विचारून घ्या.
- ईएसआय. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर उपचार मोफत आहेत. आजारपणाच्या रजेत नियमांनुसार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. केसपेपरवर फक्त ‘हात दुखतो’ असं लिहू देऊ नका. कोणतं यंत्र, दिवसाला किती तास, किती वर्षं, हे डॉक्टरांना सांगून नोंदवून घ्या. पुढे काम बदलून मागताना हाच कागद उपयोगी पडतो.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांची चौकशी करा. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा, बिलिंगच्या खिडकीवर हा विषय सहसा कुणी काढत नाही. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत दोन गोष्टी पाहा: डे-केअर शस्त्रक्रिया बसते का आणि प्रतीक्षाकाळ संपला आहे का. बाहेरून घेतलेली फिजिओथेरपी बहुतेक पॉलिसींत बसत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर उपचारांची कागदपत्रं मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर काही दिवसांत आराम पडतो. ब्रिटनमधल्या २०१८ च्या चाचणीत सहा आठवड्यांना इंजेक्शन रात्रीच्या पट्ट्यापेक्षा सरस ठरलं, पण सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे लग्नकार्य, परीक्षा किंवा गरोदरपणाचा शेवटचा टप्पा पार पाडायला त्याचा उपयोग आहे. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, रोज तपासा.

शस्त्रक्रियेत बोगद्यावरचा तो जाड पट्टा कापून नसेला जागा करून देतात. बहुधा हाताला भूल देऊन, थोड्या वेळात होते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. दुर्बिणीतून केली तर कामावर थोडं लवकर परतता येतं. पुढच्या काळात दोन्हींचा परिणाम सारखाच असतो, त्यामुळे जादा खर्चाचा आग्रह असेल तर कारण विचारा. रात्रीच्या मुंग्या बहुतेकांच्या लगेच थांबतात. बराच काळ बधिर राहिलेल्या बोटांना संवेदना यायला महिने लागतात आणि अंगठ्याचा स्नायू फार झिजला असेल तर तो पूर्ण भरून येईलच असं नाही.

घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून बोटं हलवा आणि हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवा. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. जखम पूर्ण भरेपर्यंत शेक, मेण किंवा तेल काहीही नको. टाक्यांनंतर डॉक्टर सांगतील तेव्हा वणावर हलका मसाज आणि दोऱ्या सरकवण्याचे तेच व्यायाम पुन्हा सुरू करा. तळहाताच्या बुडाशी दाबल्यावर दुखणं काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही राहतं. त्यात घाबरण्यासारखं नाही. पाण्याने भरलेली कळशी, कुकर, सिलिंडर उचलणं महिना-दीड महिना टाळा. दुचाकीबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि उभ्या गाडीवर बसून ब्रेक पूर्ण जोराने, न दुखता दाबता येतो याची खात्री झाल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नका.